अलिबाग ते तारकर्ली नको, गुहागरला चार रात्री राहा

प्रश्न असा आहे: "आम्ही पुण्यात राहतो. मी, पत्नी, सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी. स्वतःची गाडी नाही. जुलैच्या मध्यावर पाच दिवसांची रजा आहे. सेल्फ ड्राइव्हची गाडी भाड्याने घेऊन अलिबागपासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा विचार आहे. हॉटेलं निम्म्या दरात मिळताहेत. गाडी कुठली घ्यावी? मुक्काम कुठे कुठे करावेत?"

मी आधी बरीच वर्षं भाड्याच्या गाड्यांच्या देखभालीचं काम केलं आणि नंतर लोकांच्या कोकणातल्या सहली आखू लागलो. त्या अनुभवावरून सांगतो, गाडी कुठली हा इथे सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तारखांचा, दुसरा घाटाचा, तिसरा मुक्कामाचा. हे तीन सुटले की गाडी आपोआप ठरते.

अलिबाग ते तारकर्ली हा बेत डिसेंबरात सुंदर आहे, पण जुलैत तो करू नका. किनाऱ्याच्या रस्त्याने हे अंतर चारशे किलोमीटरच्या वर जातं आणि वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. या बोटी एरवी पावसाळ्यातही चालतात, पण वादळी वाऱ्याचा इशारा आला की बंद. एक बोट चुकली की शंभर किलोमीटरचा वळसा पडतो आणि पुढच्या मुक्कामाचं आगाऊ भरलेलं भाडं बुडतं. शिवाय ज्यासाठी तारकर्लीला जायचं, ते तेव्हा नसतंच. स्कूबा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, मुरुडला जंजिऱ्याच्या होड्याही बंद. मग उरतो तो फक्त गाडीचा प्रवास. पावसात त्या रस्त्यांवर ताशी पंचवीस-तीसच्या वर वेग मिळत नाही. सत्तरीच्या माणसांना रोज पाच तास गाडीत बसवून काय दाखवणार?

पावसाळी कोकण लांबीने बघायचं नसतं. एका गावात राहायचं, सकाळी आभाळ बघायचं आणि त्या दिवशी कुठे जायचं ते चहा पिताना ठरवायचं. खोलीत जे पैसे वाचताहेत ते वाट आणि वेळ बदलायची मोकळीक मिळवण्यावर खर्च करा. म्हणजे आयत्या वेळी रद्द करता येईल अशी खोली, एक दिवस जास्तीची गाडी आणि चांगल्या टायरची गाडी.

आता तारखा. जुलैचा मध्य हा पावसाचा भर. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जुलैत असतो. चिपळूण बुडालं ते २२ जुलै २०२१ ला. महाडची तळीये दरडीखाली गेली तीही त्याच दिवशी. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला ती २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. भीती घालायला हे लिहीत नाही. कोकणात जुलै-ऑगस्टच्या सुरुवातीला रस्ता गृहीत धरता येत नाही, एवढंच यातून लक्षात घ्यायचं. यंत्रबोटींची मासेमारीही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. ताटात मासा हवा असेल तर खाडीतला, नाहीतर सुका.

रजा हलवता येत असेल तर नारळी पौर्णिमेनंतरचे चार-पाच दिवस सोडून, गोकुळाष्टमीच्या आसपास जा. त्याला तीन कारणं आहेत. पाऊस तोवर सरींवर आलेला असतो, मधे ऊन पडतं. होड्या समुद्रात गेलेल्या असतात. आणि तिसरं, ज्याचा विचार सहसा कोणी करत नाही: अष्टमीच्या सुमारास समुद्राला भांग असतो, भरती लहान येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला खाडीचं पाणी नदीला आत ढकलतं आणि नेमका तेव्हा डोंगरात मुसळधार पाऊस झाला की खालच्या गावांत पाणी तुंबतं. भांगाच्या दिवसांत हा धोका बराच कमी असतो. मात्र अष्टमीनंतर फार पुढे सरकू नका. गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांची रीघ लागते आणि ज्या घरात तुम्ही उतरणार त्यांची स्वतःचीच माणसं घरी आलेली असतात. शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्याही टाळा. सोमवारी निघा, शुक्रवारी परत या.

घाटाबद्दल माझं मत पक्कं आहे. पुण्याहून पावसाळ्यात कोकणात उतरायचं तर कुंभार्ली. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर करत चिपळूण. नकाशावर ताम्हिणी किंवा वरंध जवळ दिसतात. वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात वारंवार बंद ठेवतात, त्याचा विचारच सोडा. आंबेनळीचंही तसंच. ताम्हिणीतला पाऊस प्रचंड आणि धबधब्यांखाली सुट्टीच्या दिवशी गर्दीही तेवढीच, शिवाय उतरल्यावर माणगावपासून महामार्गाने खाली यायचंच असतं. कुंभार्लीतून मालवाहतूक चालते. दरड पडली तर ती हटवायला यंत्रणा लवकर हलते. सकाळी सहाच्या आत पुणे सोडा म्हणजे घाट दुपारच्या आत उतरून होतो आणि हाताशी उजेड राहतो.

घाट सुरू आहे की नाही हे नकाशाच्या ॲपवर बघून ठरवू नका, दरड पडल्याचं त्यात उशिरा दिसतं. तुमच्या यजमानांना फोन करून विचारा, "आज चिपळूणची एसटी आली का?" एसटी आली असेल तर वाट चालू आहे. माझा इतक्या वर्षांचा सगळ्यात खात्रीचा प्रश्न हाच.

हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज पाच दिवस आधीपासून रोज बघा, रत्नागिरी आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांचा, कारण कुंभार्लीचा चढ साताऱ्यात आणि उतार रत्नागिरीत. पिवळा इशारा असेल तर निघा, नारिंगी असेल तर घाटातला प्रवास एक दिवस पुढे ढकला, लाल असेल तर जिथे आहात तिथेच राहा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. तशा दिवशी चिपळूणमधून जाऊ नका. म्हणूनच गाडी पाच दिवसांची लागत असली तरी सहा दिवसांसाठी घ्या. उशिरा परत केल्याचा दंड जास्तीच्या दिवसाच्या भाड्यापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो, आणि त्या दंडाच्या धास्तीने माणसं नको त्या पावसात घाट चढतात. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मुक्काम गुहागर. चिपळूणहून पंचेचाळीस किलोमीटर. लांबलचक सलग किनारा, काठाला सुरूची झाडं आणि गाव समुद्राला लागून. आई-वडिलांना व्याडेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाता येईल. खोली बघताना समुद्र दिसतो का यापेक्षा तीन गोष्टी विचारा: गाडी दारापर्यंत येते का, वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ चालतो, आणि जेवण घरातच मिळतं का. पावसाळ्यात बऱ्याच खाणावळी बंद असतात आणि जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. श्रावणात अनेक घरांत मासे शिजत नाहीत. त्याची हळहळ करू नका. अळूचं फतफतं, आठळ्या घातलेली भाजी, भारंगी, टाकळा, घावन, हळदीच्या पानातल्या पातोळ्या हे सगळं याच दिवसांत मिळतं, डिसेंबरच्या पर्यटकाला ते चाखायला मिळत नाही. तुमच्या आईने यजमान काकूंच्या शेजारी बसून पातोळ्या थापल्या तर सहलीतला तोच दिवस तिच्या लक्षात राहील.

आता गाडी. तुम्ही पाच जण आहात, तेव्हा चार मीटरच्या आतली, पेट्रोलवर चालणारी साधी गाडी घ्या. मोठ्या एसयूव्हीचा मोह टाळा. गुहागर-वेळणेश्वर बाजूचे गावातले रस्ते दोन्हीकडून चिऱ्याच्या गडग्यांनी, म्हणजे दगडी कुंपणांनी, आवळलेले आहेत. समोरून एसटी आली की मागे घ्यावं लागतं, आणि मोठी गाडी सवय नसताना मागे घेताना गडग्याला घासते. सीएनजीची गाडी मिळत असेल तर डिकीतली टाकी बघा. पाच जणांचं सामान मावणार नाही आणि किनाऱ्याकडे पंपही मोजकेच. पेट्रोल चिपळूणला भरून घ्या आणि काटा निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी, अशीच गाडी घ्या. चालकाशिवाय भाड्याने द्यायची परवानगी असलेल्या गाडीची ती खूण. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ओळखीतून स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दोन हजार रुपयांच्या बचतीसाठी पाच माणसांच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. पत्नीही गाडी चालवणार असतील तर त्यांचं नाव आणि लायसन्स करारात आधीच घालून घ्या.

करार सही करण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा, साध्या मेसेजवर चालेल: "इंजिनात पाणी गेलं तर खर्च कोणाचा?" साध्या विम्यात तो सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. कंपनी जी "नुकसानभरपाईची कमाल मर्यादा" सांगते तिच्यातूनही बहुतेक करारांत टायर, गाडीचा तळ आणि पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. मी देखभालीच्या कामावर असताना एका कुटुंबाची गाडी वहाळाच्या पाण्यात बंद पडली. गृहस्थांनी घाबरून तीन-चार वेळा चावी फिरवली. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन उघडावं लागलं. त्यांनी चावी फिरवली नसती तर गाडी ओढून काढून, पाणी काढून, फिल्टर-ऑइल बदलून काम भागलं असतं. कंपनीने सगळं बिल त्यांच्यावर टाकलं, आणि कराराप्रमाणे ते बरोबर होतं. पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका, माणसं बाहेर काढा आणि फोन करा. त्याहून चांगलं म्हणजे पाण्यात घालूच नका. वाहतं पाणी वीतभर असलं तरी लहान गाडी हाताबाहेर जाते, दीड वीत झालं की ती तरंगू लागते. साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जात असेल तर तास-दोन तास थांबा. कोकणातले पऱ्हे, म्हणजे ओढे, चढतात तसे उतरतातही लवकर.

गाडी ताब्यात घेताना अर्धा तास काढा, दिवसा उजेडी. चारही टायरच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. कायद्याने खोबण किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसात मी तीनच्या खालची घेत नाही, कारण पाणी बाहेर फेकायला तेवढी खोली लागतेच. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर असेल तर गाडी बदलून मागा. पाचवा टायर आणि जॅक काढून बघा. काचेवर बाटलीभर पाणी ओता आणि वायपर फिरवा, पट्टे उमटले तर रबर तिथेच बदलून घ्या.

मग नाक वापरा. गाडीत कुबट वास असेल तर पायाखालची मॅट उचला, डिकीत पाचव्या टायरखालचा खळगा बघा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टच्या आतल्या भागावर चिखलाची रेष दिसली तर ती गाडी एकदा बुडालेली आहे. वरून कितीही चकाचक असली तरी घेऊ नका, तिच्या वायरिंगचा भरवसा नाही. हे सगळं बघताना सलग व्हिडिओ काढा, खरचटलेल्या जागा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा त्यात येऊ द्या. फास्टॅगमध्ये शिल्लक किती ते विचारा. विमा, पीयूसी आणि परवान्याच्या तारखा पाहून घ्या.

निघण्याआधी काचेवरचं धुकं घालवायला शिका. प्रत्येक गाडीची बटणं वेगळी असतात. पाच माणसं, ओले कपडे, बंद काचा म्हटल्यावर दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. एसी चालू, हवा समोरच्या काचेवर, बाहेरची हवा आत येऊ द्यायची. हे कुंभार्लीच्या वळणावर शोधत बसायची गोष्ट नाही.

घाटात दिवे खालचे ठेवा, धुक्यात वरचा झोत उलट डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर पाय दाबून धरायचा नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. कड्याखाली फोटोसाठी थांबू नका, धबधबा कितीही सुंदर असो. डोंगरातून वाहणारं पाणी अचानक लाल-गढूळ झालं किंवा खडे पडू लागले तर तिथून निघा. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही हा नियम घरातल्या सगळ्यांनी मान्य करून निघा. ओल्या रात्री गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात आणि काळी म्हैस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. घाटात पाऊस-धुक्यात कधीच गाडी चालवली नसेल तर मी स्पष्ट सांगतो, पहिला अनुभव आई-वडिलांना मागे बसवून घेऊ नका. रेल्वेने चिपळूणला उतरा आणि तिथून चालकासह गाडी करा. खर्चात फार फरक पडत नाही.

तिथे गेल्यावर काय करायचं, तर समुद्राचं वेळापत्रक आधी समजून घ्या. तुमच्या वडिलांना पाऊणकी पाठ असेल. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. आठ पाऊण सहा. म्हणजे अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पुढे रोज पाऊण-एक तासाने वेळ सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण बेत आखायला पुरतं. म्हणजे तुम्ही त्या दिवसांत गेलात तर भर दुपारी, सरींच्या मधे, ओल्या घट्ट वाळूवर आई-वडिलांना आरामात चालता येईल. पाण्यात मात्र कोणीच उतरायचं नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. पावसाळ्यात किनाऱ्याचा उतार बदललेला असतो आणि परतीची लाट पायाखालची वाळू ओढून नेते. मुलीला हे घरूनच सांगून न्या, तिथे गेल्यावर ऐकणं तिला जड जाईल. आणि गाडी वाळूवर उतरवू नका. रुतते, भरती येते, शिवाय करारभंगही होतो.

हेदवीचा बामणघळ भरतीच्या वेळी बघण्यासारखा आहे, खडकाच्या चिरेत लाट शिरून पाणी उंच उसळतं. सकाळी सातच्या आसपास जा आणि लांबून बघा, तो खडक शेवाळलेला असतो. वरच्या दशभुजा गणपतीच्या देवळाला आई-वडिलांना घेऊन जाता येईल. वेळणेश्वर त्याच वाटेवर. एक दिवस उघडीप मिळाली तर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन या. मुलीला गाडीसकट बोटीत चढायची मजा आयुष्यभर लक्षात राहील. सकाळी धक्क्यावर फोन करून बोट चालू असल्याची खात्री करा, आणि ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडून निसरडा होतो म्हणून मधली वेळ धरा. एक दिवस काहीही ठरवू नका. मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाडी थांबवून उतरलात तर सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं फुललेली दिसतील, जांभा दगडावरच्या मातीच्या पातळ थरात. त्यांच्यावरून चालू नका, कडेकडेने बघा.

सोबत रोख रक्कम ठेवा, वीज गेली की नेटवर्कही जातं. आईवडिलांची औषधं आठवड्याची घ्या. सगळ्यांना रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात, कारण चिऱ्याच्या पायऱ्यांवरून साध्या स्लिपर सटकतात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात आणि शेताच्या चिखलात उतरू नका, या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो. रात्री अंगणात जाताना विजेरी. काही गंभीर झालंच तर ११२ लावा. सावर्ड्याजवळ डेरवणला मोठं रुग्णालय आहे, चिपळूणहून महामार्गाने दक्षिणेला.

परतताना सकाळी सातला गुहागर सोडा आणि त्याच कुंभार्लीने चढा. कोल्हापूरमार्गे फिरून यायचा मोह होईल, पण २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी येऊन महामार्ग बंद पडला होता. पाच दिवसांच्या सहलीत तो वळसा नको. पुण्यात शिरण्याआधी गाडी धुऊन घ्या, चाकांच्या कमानीतला लाल चिखल निघाल्याशिवाय खरचटलेलं दिसत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी फोन येतो. परत देताना पुन्हा सगळीकडून व्हिडिओ काढा, घेणाऱ्याच्या समोर. अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत दोन्ही व्हिडिओ फोनमधून काढू नका.